आधी नावे शोधा, गाणे सापडेल

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात दूरदर्शनवर ‘चित्रमाला’ लागत असे. निरनिराळ्या भारतीय भाषांतली चित्रपटगीते त्यात एकापाठोपाठ एक दाखवली जात. ज्यांची शाळा-कॉलेजची वर्षे त्या काळात गेली, त्यांच्यापैकी अनेकांच्या मनात एखादे तमिळ प्रेमगीत अर्धवट राहून गेलेले असते. शब्द कळले नव्हते, चित्रपटाचे नाव कानावरून निघून गेले होते, चाल मात्र पक्की बसली. सोलापूर जिल्ह्यातल्या श्रीपूरसारख्या, साखर कारखान्याभोवती वाढलेल्या गावात ते गाणे पुन्हा ऐकायचा मार्ग तेव्हा जवळजवळ नव्हताच. आज तेच गाणे हातातल्या फोनवर आहे, पण एका गाण्याच्या वीस प्रती समोर येतात. कोणी संथ केलेली, कोणी ढोल चढवलेली, कोणी दुसऱ्याच गायकाकडून गाऊन घेतलेली. खरे कोणते हे कसे ओळखायचे? या लेखाचे सांगणे असे की, गाणे चालीने आठवते पण सापडते ते नावांनी, म्हणजे गीतकार, संगीतकार, गायक आणि चित्रपट यांच्या नावांनी. ही नावे शाबूत राहतात ती अधिकृत प्रतीतच. त्यामुळे कायदेशीर ठिकाणी ऐकणे ही गाणे हाती लागल्यावर उरकायची औपचारिकता नाही, शोधाची सुरुवातच तिथून करावी लागते.

उदाहरणाला मराठी माणसाने घ्यावे असे तमिळ प्रेमगीत एकच, ‘वळैयोसै’. १९८८ चा ‘सत्या’ हा कमल हासन आणि अमला यांचा चित्रपट. संगीत इलयाराजांचे, शब्द वाली यांचे, आणि आवाज एस. पी. बालसुब्रमण्यम व लता मंगेशकर यांचे. लताबाईंनी तमिळमध्ये फार थोडी गाणी गायली. आदल्याच वर्षी, १९८७ मध्ये, ‘आनंद’ या चित्रपटासाठी त्या इलयाराजांकडे गायल्या होत्या, पण लोकांच्या तोंडी बसले ते ‘वळैयोसै’. शीर्षकाचा अर्थ बांगड्यांचा नाद. आपल्याकडच्या खळखळ, रुणझुण यांसारख्या जोडीने येणाऱ्या नादशब्दांची तमिळमध्ये जी रेलचेल आहे, तिच्यावर वालींनी या गाण्याचा डोलारा उभा केला आहे. म्हणून भाषा न येणाऱ्यालाही ते पहिल्या कडव्यापासून आपलेसे वाटते. पडद्यावर बसच्या फूटबोर्डवर लोंबकळणारे दोघे आहेत, शहरातली धावती बस आहे, वारा आहे. महागडे देखावे नाहीत. ज्यांना ‘लताबाईंचे एक मद्राशी गाणे, बसमधले’ एवढेच आठवते, त्यांना हवे आहे ते हेच.

आता फोनवर ‘लता सत्या’ असे टाकून पाहा. समोर बहुतेक येईल तो १९९८ चा राम गोपाल वर्मांचा हिंदी ‘सत्या’, कारण त्यातही लताबाईंची गाणी आहेत. दोन चित्रपटांच्या नावांत दहा वर्षांचे आणि रोमन लिपीतल्या एका अक्षराचे अंतर आहे. तमिळ लोक रोमनमध्ये लिहिताना ‘त’ साठी टी आणि एच अशी दोन अक्षरे वापरतात, नुसता टी म्हणजे त्यांच्या लेखी ‘ट’. म्हणून तमिळ ‘सत्या’मध्ये एच येतो आणि हिंदीत येत नाही. वर्ष आणि संगीतकार जोडून शोधले, म्हणजे ‘सत्या, १९८८, इलयाराजा’, की गोंधळ तिथल्या तिथे मिटतो. हेच इतर अक्षरांचे. तमिळमध्ये ‘ळ’च्या जवळ जाणारा एक खास उच्चार आहे, तो रोमनमध्ये झेड आणि एच वापरून लिहितात. ‘अळगी’ हे चित्रपटाचे नाव तुम्ही एल घालून शोधत राहिलात तर कदाचित सापडणारच नाही. आणि तमिळ लिपीत क-ग, ट-ड, प-ब यांना वेगळी अक्षरे नाहीत, म्हणून एकच शब्द दोन जणांनी दोन तऱ्हांनी लिहिलेला आढळतो. शब्दाच्या स्पेलिंगवर अडून न बसता माणसांच्या नावांकडे वळणे शहाणपणाचे.

त्याआधी एक गोष्ट पडताळून घ्या, गाणे तमिळच आहे ना? सोलापूर जिल्ह्यात हा प्रश्न इतर ठिकाणांपेक्षा जास्त खरा आहे. सोलापूर शहरात पद्मशाली समाजामुळे तेलुगू पिढ्यान्‌पिढ्या बोलली जाते, आणि कन्नडही शेजारचीच. लग्नात, यात्रेत, कापडाच्या दुकानात कानावर पडलेले ‘मद्राशी’ गाणे तेलुगू असण्याचा संभव बराच असतो. त्यातच दक्षिणेतले गाजलेले चित्रपट दोन-तीन भाषांत निघत, चाल तीच आणि शब्द वेगळे. ढोबळ खूण सांगायची तर प्रेमगीतात ‘कादल’ आणि ‘नान’ ऐकू आले तर तमिळ, ‘प्रेमा’ आणि ‘नुव्वु’ ऐकू आले तर तेलुगू. शब्द आठवतच नसतील तर गूगलच्या ॲपमध्ये चाल गुणगुणून शोधण्याची सोय २०२० पासून आहे, दहा-पंधरा सेकंद गुणगुणले तरी चालते. ती चाल ओळखते, त्यामुळे एकाच चालीची हिंदी, तमिळ, तेलुगू रूपे शेजारी-शेजारी येऊ शकतात. शॅझमसारखे ॲप मात्र मूळ ध्वनिमुद्रण ओळखते, गुणगुणणे त्याच्या उपयोगाचे नाही. घरात जुनी कॅसेट आणि चालू टेप असेल तर त्याच्यासमोर फोन धरावा.

मराठी श्रोत्याची खरी फसगत होते ती हिंदीमार्गे आलेल्या गाण्यांत, आणि हा भाग थोडा सविस्तर पाहायला हवा. १९८३ चा ‘सदमा’ हा ‘मूंद्रम पिरै’ या १९८२ च्या तमिळ चित्रपटाचा हिंदी अवतार. दिग्दर्शक बालू महेंद्र, संगीतकार इलयाराजा, दोन्हीकडे तेच. ‘सुरमई अंखियों में’ हे येसुदासांचे गाणे ज्यांना प्रिय आहे, त्यांनी ‘मूंद्रम पिरै’मधले ‘कण्णे कलैमाने’ ऐकावे. आवाज येसुदासांचाच, शब्द कण्णदासन यांचे. ऑक्टोबर १९८१ मध्ये हा कवी गेला, आणि हे त्याचे अखेरचे चित्रपटगीत मानले जाते. इथपर्यंत सरळ आहे. पण ‘सदमा’तलेच सुरेश वाडकरांचे ‘ऐ ज़िंदगी गले लगा ले’ तुम्ही ‘मूंद्रम पिरै’मध्ये शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. ती चाल इलयाराजांनी १९८२ मध्ये ‘ओळंगळ’ या मल्याळम चित्रपटात एस. जानकींकडून गाऊन घेतली होती, आणि तमिळमध्ये ती ‘ऑटो राजा’ या वेगळ्याच चित्रपटात आहे. हे नाव माहीत नसेल तर माणूस रात्रभर चुकीच्या अल्बममध्ये शोधत बसतो आणि शेवटी ‘तमिळमध्ये हे गाणे नाहीच’ असे ठरवून मोकळा होतो.

नव्वदीतली गोष्ट थोडी सोपी आहे, कारण तिथे बहुतेक वेळा पूर्ण अल्बमच हिंदीत आला. मणिरत्नम यांच्या ‘रोजा’ने १९९२ मध्ये ए. आर. रहमान यांना पुढे आणले आणि १९९५ मध्ये ‘बॉम्बे’ आला. ‘तू ही रे’ हे हरिहरन यांनी हिंदीत कविता कृष्णमूर्तींबरोबर गायले, मूळ तमिळ ‘उयिरे’ त्यांनीच के. एस. चित्रांबरोबर गायले. पुरुषाचा आवाज एकच आणि स्त्रीचा वेगळा, म्हणून दोन्ही प्रती लागोपाठ ऐकल्या की फरक लगेच जाणवतो. २००० च्या ‘अलैपायुदे’मधले ‘स्नेहिदने’ आणि २००२ च्या ‘साथिया’मधले ‘चुपके से’ यांत उलट आहे. चाल रहमानांची, स्त्रीचा आवाज दोन्हीकडे साधना सरगम यांचा, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातल्या दाभोळच्या मराठी मुलीचा. ‘अळगी’तल्या तमिळ गाण्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ही गोष्ट महाराष्ट्रात जितकी माहीत असायला हवी तितकी नाही. आशा भोसलेंचे ‘शेण्बगमे’ही असेच आपल्याकडे दुर्लक्षित राहिले. १९८७ च्या ‘एंग ऊरु पाट्टुकारन’मधले हे गाणे मनो यांच्या आवाजातही आहे, म्हणून शोधताना आशाताईंचे नाव घातले नाही तर बहुधा पुरुषाच्या आवाजातलेच समोर येते.

आता मूळ मुद्द्याकडे. ही सारी नावे कुठे मिळतात? एके काळी आकाशवाणीवर, विविध भारतीवर, गाणे लागण्याआधी चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार सांगितले जात. त्या सवयीनेच एका पिढीला कोणते गाणे कोणाचे हे न शिकता येऊ लागले. नंतर मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून देण्याचा धंदा आला. ते कार्ड उघडून पाहा. फाइलीचे नाव ‘ट्रॅक झिरो सेव्हन’, गायकाच्या जागी कुठल्या तरी वेबसाइटचे नाव, अल्बमच्या जागी ‘साउथ लव्ह हिट्स’, चित्र भलत्याच नटाचे. ऊस घेऊन कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टरवर जो पेनड्राइव्ह वाजतो, त्यातही हेच. गाणे आहे, त्याचे गणगोत पुसले गेले आहे. याउलट यूट्यूबवर ज्या चॅनेलच्या नावापुढे ‘टॉपिक’ लिहिलेले असते, तिथला ऑडिओ संगीत कंपनीने किंवा तिच्या वितरकाने दिलेला असतो, आणि खालच्या माहितीत गायक, संगीतकार, बहुतेक वेळा गीतकार आणि हक्कदार कंपनीचे नाव असते. स्पॉटिफाय, जिओसावन, गाना, ॲपल म्युझिक यांवरही गाण्याशेजारच्या तीन ठिपक्यांत श्रेयनामावली उघडण्याची सोय अनेकदा मिळते. एक सावधगिरी, तिथे दिसणारे वर्ष कधी कधी चित्रपटाचे नसून ते गाणे डिजिटल रूपात आले त्याचे असते. १९८८ च्या गाण्यापुढे २०१० नंतरचे वर्ष दिसले म्हणून ती नक्कल समजू नका, गायक आणि चित्रपट जुळतात का ते पाहा. ‘कव्हर’, ‘लो-फाय’, ‘स्लोड’, ‘रीमिक्स’ असे शब्द शीर्षकात असतील तर मात्र ते तुमचे गाणे नव्हे.

नाव आणि मोबदला या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत, हे लताबाईंनीच फार आधी ओळखले होते. साठच्या दशकाच्या सुरुवातीला गायकांनाही ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीतला वाटा मिळावा, अशी मागणी त्यांनी केली. महंमद रफींचे मत वेगळे होते, गाण्याचे पैसे मिळाले की गायकाचा हक्क संपला असे ते मानत. या मतभेदापायी दोघे काही वर्षे एकत्र गायले नाहीत. पुढे २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत आणि बाहेर त्यासाठी आवाज उठवला होता. त्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क असा बांधला की, तो त्यांच्याकडून करारात लिहून घेता येत नाही, वारसांकडे किंवा हक्कसंस्थेकडेच जाऊ शकतो. गायकांचाही मोबदल्याचा हक्क मान्य झाला आणि २०१३ मध्ये इंडियन सिंगर्स राइट्स असोसिएशन ही संस्था उभी राहिली. म्हणजे तुम्ही अधिकृत ठिकाणी ‘वळैयोसै’ ऐकता तेव्हा एका ऐकण्यामागे मिळणारी रक्कम अगदी किरकोळ असली, तरी ती कोणाच्या नावे जमा व्हायची याची नोंद होते. मेमरी कार्डात ती नोंदच नसते.

यावर आक्षेप येतात, आणि त्यांतले काही वजनदार आहेत. पहिला असा की, घरी बसून ऐकणाऱ्याला कोण पकडणार? खरे आहे, कोणी पकडत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ‘ढिशूम’ चित्रपटाच्या प्रकरणात स्पष्ट केले होते की, नुसते पाहणे हा गुन्हा नव्हे, परवानगीशिवाय वाटणे, जाहीर दाखवणे, विकणे किंवा भाड्याने देणे हा गुन्हा आहे. त्यामुळे श्रोत्याला तुरुंगाची भीती दाखवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पैसे घेऊन कार्ड भरून देणाऱ्या दुकानदाराची गोष्ट वेगळी, कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये जाणूनबुजून केलेल्या भंगाला सहा महिने ते तीन वर्षे कैद आहे. तुम्ही त्याचे गिऱ्हाईक होता तेव्हा त्याला त्या वाटेवर ढकलता, एवढा विचार करावा.

दुसरा आक्षेप, गाणी जुनी झाली, आता ती सगळ्यांची. कायदा असे मानत नाही आणि त्याचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षे चालतो, शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे. ‘वळैयोसै’चे ध्वनिमुद्रण १९८८ चे, म्हणजे २०४८ अखेरपर्यंत संरक्षित. वाली २०१३ मध्ये गेले, म्हणजे शब्द २०७३ अखेरपर्यंत. कण्णदासन यांचे शब्दही २०४१ अखेरपर्यंत मोकळे होत नाहीत. ही मुदत फार लांब आहे असे कोणाला वाटले तर ते मत मांडण्याजोगे आहे, पण कायदा बदलेपर्यंत ‘जुने’ म्हणजे ‘बेवारस’ नव्हे.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड. हक्क कोणाचे यावर निर्माते, कंपन्या आणि कलावंतच भांडत असतील, तर आमचा पैसा योग्य माणसाला पोचतो कशावरून? हे भांडण खरे आहे. २०१७ मध्ये इलयाराजांनी आपली गाणी परवानगीशिवाय मंचावर गाऊ नयेत म्हणून बालसुब्रमण्यम यांनाच नोटीस पाठवली होती. २०२४ मध्ये ‘मंजुम्मल बॉइज’ या मल्याळम चित्रपटाने १९९१ च्या ‘गुणा’मधले ‘कण्मणी अन्बोडु’ हे कमल हासन आणि एस. जानकी यांचे प्रेमगीत पुन्हा घराघरांत पोचवले. तेहतीस वर्षांपूर्वीचे गाणे नव्या पिढीने उचलले, आणि त्याच वर्षी इलयाराजांची नोटीस निर्मात्यांकडे गेली. निर्मात्यांचे म्हणणे होते की, त्यांनी कंपन्यांकडून हक्क घेतले आहेत. पण या वादांचा विषय वाटा कोणाला किती, हा आहे. तो सोडवण्यासाठी कोर्ट आहे, करार आहेत, आणि हिशेबाला आधार म्हणून अधिकृत ऐकण्याची नोंद आहे. बेकायदा प्रतीमुळे वादातल्या दोन्ही बाजूंना काहीच मिळत नाही. अशा वादांमुळे एखादे गाणे एका ॲपवर दिसेनासे होऊ शकते, म्हणून एका ठिकाणी नाही मिळाले तर दोन-तीन ठिकाणी पाहावे.

खर्चाचा प्रश्न मी आक्षेपांत धरत नाही, कारण जाहिराती ऐकण्याची तयारी असेल तर बहुतेक गाणी अधिकृतपणे फुकट मिळतात. रेंज नीट नसलेल्या रानातल्या वस्तीवर मात्र गाणे फोनमध्येच असणे सोयीचे. त्यासाठी वाय-फायच्या किंवा चांगल्या नेटवर्कच्या जागी सशुल्क योजनेतून ते ॲपमध्येच उतरवून ठेवता येते. यूट्यूबवरून एमपीथ्री काढून देणाऱ्या साइट वापरू नयेत. त्या यूट्यूबच्या अटी मोडतात, आवाज आणखी बिघडवतात, आणि भलत्या जाहिरातींतून फोनमध्ये काय शिरेल याचा भरवसा नसतो.

एवढे करूनही गाणे मिळालेच नाही तर? मग चित्रपट शोधा. गाण्याचा सुटा ऑडिओ नसला तरी पूर्ण चित्रपट एखाद्या ओटीटीवर किंवा निर्मात्याच्या अधिकृत चॅनेलवर असू शकतो, आणि प्रेमगीताला त्याचा प्रसंग मिळाला की अर्थ न कळण्याची अडचणही निम्मी होते. जुनी कॅसेट किंवा तबकडी विकत घेणे पूर्ण कायदेशीर आहे.

गाणे सापडले की ते शाळेच्या जुन्या वर्गमित्रांच्या ग्रुपवर जातेच. तिथे फाइल पाठवू नका, दुवा पाठवा. फाइल हातोहात फिरताना नावे गळतात, दुवा उघडणारा थेट नावांपाशी पोचतो. दुव्याखाली एक ओळ लिहावी, ‘वळैयोसै, चित्रपट सत्या, १९८८, गीत वाली, संगीत इलयाराजा, आवाज लता मंगेशकर आणि एस. पी. बालसुब्रमण्यम.’ पुढे स्नेहमेळाव्यात हॉल घेऊन, स्पीकर लावून तेच गाणे वाजवायचे ठरले, तर ते घरगुती ऐकणे राहत नाही. लग्नविधी आणि त्याला जोडलेल्या समारंभांना कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे, तिच्या मर्यादेवरून वाद झाले आहेत, पण स्नेहमेळावा त्यात धरता येणार नाही. हॉलच्या व्यवस्थापकाला आधीच विचारा की, संगीत वाजवण्याचा वार्षिक परवाना त्यांच्याकडे आहे का. नसेल तर आयोजकांनी शब्द-चालीसाठी आयपीआरएस या हक्कसंस्थेकडे आणि ध्वनिमुद्रणासाठी संबंधित कंपन्यांच्या परवाना संस्थेकडे चौकशी करावी, आणि हे काम मेळाव्याच्या आदल्या दिवसावर ठेवू नये.